वाघोबाचा नारळ आणि माझी पिटिशन

२० डिसेंबर, दुपार
ग्रामपंचायतीचा रिझल्ट लागला. मुरबाडला मोजणीच्या गेटबाहेर सगळे म्हणत होते, साईनाथ पडला. पडलो नाही. पाडलं मला. तेही फक्त अकरा मतांनी.
वॉर्डातून शेखर निवडून आला. त्याच्या पोरांनी उधळलेला गुलाल माझ्याही शर्टावर पडला. शर्ट खास आजच्यासाठी शिवला होता. धुतला तर पांढरा होईल असं वाटत नाही.
दुकानाच्या बोर्डवर पेंटरला माझ्या नावापुढे जागा सोडायला सांगितलं होतं. तिथे ‘मेंबर’ यायचं होतं. सध्या ‘साईनाथ’, मग मोकळी जागा, मग ‘मंडप डेकोरेटर्स’. लोक विचारतात, काय पुसलं?

२० डिसेंबर, संध्याकाळ
चुलतभाऊ सुनिल गळ्यात पडून रडला. म्हणाला, दादा, आपली आळी सोळा आणे तुझ्यामागं होती. शाई लावलेलं बोटही दाखवलं. भावकीतल्या प्रत्येकाने येऊन बोट दाखवलं. त्यामुळे प्रश्न मिटला. उरली कोण? वरची वाडी. वाडीनेच दगा दिला.
प्रचारात माझ्या विहिरीवरून वाडीला पाणी दिलं होतं. मोटर माझी, लाइट बिल माझं, काळा पाइप माझा. वाडीतली जिवली म्हणाली होती, आमच्या डोक्यावरचा हंडा उतरला. आज गडी पाठवून पाइप गुंडाळून आणला. रागाने नाही. उन्हात पाइप कडक होतो.
बायको म्हणाली, डिसेंबरात कसला ऊन? सकुबाईला प्लास्टिकमधलं काही कळत नाही.

२१ डिसेंबर
संकल्प. निकाल फिरेपर्यंत दाढी करणार नाही. शेखरचं तोंड बघणार नाही. वाडीवर पाय ठेवणार नाही.
दुपारी शेखरचा फोन. सत्काराला मांडव पाहिजे. पंचक्रोशीत दुसरा मांडववाला नाही, याला मी काय करणार? ऑर्डर घेतली. फोनवर तोंड दिसत नाही.

२४ डिसेंबर
वकील केली. माधुरी मॅडम. मूळच्या शहापूरच्या, मुरबाडला कोर्टात असतात. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण समोर बसलं की गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं. म्हणाल्या, रिझल्टपासून पंधरा दिवसांत अर्ज टाकावा लागेल. कारण काय देणार?
मी हळदीचा मुद्दा काढला. ऐन प्रचारात शेखरच्या पुतणीची हळद होती. डीजे, मटण, अख्खी वाडी जेवली. हे मतदारांना लाच देणंच झालं. मॅडमनी विचारलं, मांडव कोणाचा होता? म्हटलं, माझा, पण तो धंदा. तुम्ही जेवलात? म्हटलं, मी जनरेटर बघायला गेलो होतो. मग? जनरेटर बघता बघता जेवलो. मॅडमनी मुद्द्यावर काट मारली.
मग त्या म्हणाल्या, मतासाठी कोणी देवासमोर शपथ घ्यायला लावली असेल, देव कोपेल अशी भीती घातली असेल, तर मात्र केस आहे. कायद्यात तो भ्रष्ट मार्ग आहे.
मी खुर्चीतून उठलोच. कारण सुनिलने सांगितलं होतं, प्रचारात वाडीने त्यांच्या देवासमोर, वाघोबासमोर नारळ उचलला. आमच्याकडे नारळ उचलून शब्द दिला की तो मोडत नाही. मोडला तर वाघोबा बघून घेतो. आता हा नारळ माझ्यासाठी उचलला असता तर मी पडलो असतो का? म्हणजे शेखरसाठी उचलला. एवढं साधं लॉजिक आहे.
मॅडमनी विचारलं, तुम्ही तर असं काही केलेलं नाही ना? नाही म्हणालो. मी फक्त वाडीवर जाऊन वाघोबाला नारळ ठेवला होता. वाडीतला वाळू आणि मी, दोघांनी मिळून तो उचलला. मी पाण्याचं बोललो, ते मताचं बोलले. ती भक्ती. भक्तीचा कोर्टाशी काय संबंध?

३ जानेवारी
पिटिशन दाखल! मुदत संपायच्या आत. कोर्टाबाहेर फाइल छातीशी धरून फोटो काढला. स्टेटसला टाकला, खाली ‘सत्यमेव जयते’. भावकी दोन जिपा भरून आली होती. परत येताना सगळ्यांना वडापाव मीच दिला. लढाईत सैन्य पोटावर चालतं.
शेखरला नोटीस जाईल. आता कळेल त्याला.

८ जानेवारी
म्हसा गावची जत्रा. घोंगडी घ्यायला गेलो. पाळण्याजवळ शेखर समोरच उभा. हातात कांदाभजी. म्हणाला, साईनाथ, नोटीस आली हां. आणि कागद पुढे केला, भज्यांचा. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. भज्यांकडे बघितलं. संकल्प शाबूत आहे.
त्याने सत्काराच्या मांडवाचं कौतुक केलं. झालर छान होती म्हणाला. घाबरलाय.

१९ जानेवारी
मॅडमना साक्षीदार पाहिजेत. नारळ प्रत्यक्ष उचलणारे. म्हणजे वाडीवर जाणं आलं. पाय ठेवणार नाही असं ठरवलं होतं, म्हणून बराच वेळ बाइकवरच बसून राहिलो. शेवटी गाडी कलंडायला लागली तेव्हा पाय टेकवावा लागला.
वाळूची बायको जिवली खालच्या ओढ्यावरून दोन हंडे घेऊन चढत होती. माझ्याकडे बघितलं नाही. मनात पाप असलं की माणूस नजर देत नाही.
वाळूला सरळ विचारलं, प्रचारात वाघोबासमोर नारळ उचलला होता का? वाळू म्हणाला, उचलला ना शेठ. आक्ख्या वाडीनं. बस्स! केस जिंकली. कोणासाठी उचलला, हे मी विचारलं नाही. साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत असं मॅडमनी बजावलंय.
वाळू पुढे म्हणाला, बरा झाला तुमी आपनहून आलां. नारल उचलून शबूद मोडला का वाघोबाला मान द्यावा लागतो. घरटी येक कोंबडा. गावठी पायजे, बॉयलर नाय चालत. मग मोकला.
मी लगेच ओळखलं. मला दिलेला शब्द मोडला म्हणून वाडीला आता वाघोबाची धास्ती आहे. मान दिल्याशिवाय तोंड उघडणार नाहीत. कोंबडे कोणी आणायचे, असं विचारलं तर वाळू माझ्याकडे बघत राहिला. बरोबरच आहे. साक्षीदारांचा खर्च अर्जदारानेच करायचा असतो.

२ फेब्रुवारी
धसईच्या बाजारात गावठी कोंबडे पुरेसे मिळाले नाहीत. बाकीचे खुराड्यातून काढले. सकुबाई खुराड्याच्या दारात आडवी बसली. म्हणाली, ज्यांनी मत नाय दिला त्यांना कोंबडं. दिला असता तर काय, बैलजोडी? मी तिला कायदा समजावला. तिने तुरेवाला मोठा कोंबडा पदराखाली घेतला आणि म्हणाली, हा गेला तर मी पन शेखरकडून साक्ष देईन.
तुरेवाला ठेवला. घरात फूट नको.

५ फेब्रुवारी
वाघोबाचा कार्यक्रम एक नंबर. शेंदूर लावलेला दगड, वर साग, खाली अख्खी वाडी. वाळूने मला एकट्यालाच पुढे उभं केलं. तांदूळ माझ्या कपाळाला लावले. कोंबडा माझ्यावरून तीन वेळा ओवाळला. नेता म्हणून मान दिला. मी नको नको म्हणत होतो, पण लोकांचं प्रेम.
म्हातारा धाऊ, वाडीतला सगळ्यात वडील माणूस, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, चुकतो मानूस. मी म्हटलं, बाबा, मनाला लावून घेऊ नका, मी माफ केलंय तुम्हाला. धाऊने खांद्यावरचा हात काढून घेतला.
मग रस्सा-भाकरी. मी स्वतः वाढलं. जेवण झाल्यावर मला भारी आयडिया सुचली. दुसरा नारळ ठेवला आणि सगळ्यांना उचलायला लावला, की कोर्टात खरं सांगू, काही लपवणार नाही. वाळूने विचारलं, सगला सांगू? मी म्हणालो, सगळं. धाऊने पुन्हा विचारलं, सगला? म्हटलं, बाबा, अगदी सगळं!
असे पक्के साक्षीदार मुरबाड तालुक्यात कोणाकडे नसतील. मॅडमना कोंबड्यांचं आणि नारळाचं सांगितलं नाही. त्यांच्या डोक्याला आधीच खूप कामं असतात.

२७ फेब्रुवारी
तारीख. शेखरच्या वकिलाने मुदत मागितली. पळ काढतायत. भावकीची एकच जीप आली. दुसरीचं टायर.

१८ मार्च
तारीख. पुन्हा मुदत. आज जीप नाही, नुसता सुनिल. वडापाव खाऊन दुपारीच गेला, पोटात दुखतंय म्हणाला.
दाढी केली. मेव्हण्याची हळद होती आणि फोटोग्राफर म्हणाला, भाऊजी, तुम्ही कडेला उभे राहा. संकल्पाचा अर्थ मनात असतो, गालावर नसतो.
दाढी करून मोकळं वाटलं, तर हळदीत सुनिल दिसला. पोट बरं होतं. शेखरच्या खांद्यावर हात टाकून नाचत होता. मला बघून म्हणाला, दादा, त्याच्या गोटात राहून माहिती काढतोय. असा भाऊ मिळायला नशीब लागतं.

५ एप्रिल
साक्ष येत्या मंगळवारी. भाषण तयार केलंय. जज साहेबांनी बोलायला दिलं तर लोकशाहीवर बोलेन, नाही दिलं तर बाहेर चॅनलवाल्यांशी. चॅनलवाल्यांना कळवलं नाही अजून. कळवायला पाहिजे.
पेंटरला फोन करून ठेवला. पंधरा दिवसांत ‘मेंबर’ लिहायला ये म्हटलं. तो म्हणाला, रंग सुकलाय, नवीन आणावा लागेल. आण म्हटलं.
वाडीच्या बाया आता दिवसातून तीन खेपा ओढ्यावर करतात, असं सकुबाई सांगत होती. ओढ्यातला डोह आटत आलाय. मी म्हटलं, सीट आली की बघू. सीटशिवाय मी काय करणार, साधा माणूस.

११ एप्रिल, संध्याकाळ
लिहायचं नव्हतं. पण मी लिहिलं नाही तर दुसरे सांगतील तेच खरं होईल.
वाळूला शपथ दिली. मॅडमनी विचारलं, वाघोबासमोर नारळ उचलला होता का? उचलला, म्हणाला. उचलायला कोणी लावलं? वाळूने बोट केलं. मी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.
वाळू म्हणाला, या साईनाथशेठनी. ते म्हंगाले, मी पानी देतो, तुमी मत द्या. नारल त्यांनी पन उचलला, आमी पन उचलला. आमी मत दिला. जज साहेब म्हणाले, मत कोणाला दिलं ते सांगायचं नसतं. वाळू म्हणाला, सायेब, सगला सांगायचा म्हनून पुन्ना नारल उचलून आलोय. साहेबांनी विचारलं, पुन्हा? कोणी उचलायला लावला? वाळूने परत बोट केलं. या वेळी मी मागे बघितलं नाही.
मॅडम खाली बसल्या.
शेखरचा वकील उठला. अगदी गोड आवाजात विचारलं, त्या दिवशी जेवण होतं म्हणे? वाळू म्हणाला, कोंबडं होतं. शेठनी आनलं. वकिलाने विचारलं, कशासाठी? वाळू म्हणाला, दंड. शेठनी पान्याचा शबूद मोडला ना. निकालाच्या सांजंला पायप गुंडालून नेला. वाघोबा त्यांच्यावर कोपला असता. ते आपनहून आले, दंड भरला, आमी त्यांच्यावरून ओवालून टाकला. आता ते मोकले.
दंड! मी दंड भरत होतो आणि मला ते ठाऊक नव्हतं. स्वतःच्या हाताने वाढलं.
वकिलाने शेवटचं विचारलं, शेखररावांनी कधी नारळ उचलायला लावला? वाळू म्हणाला, ते वाडीवर आलेच नाय. त्यांना म्हाईत व्हता, आमचा नारल झालाय. धाऊनेही तेच सांगितलं. जिवलीनेही तेच, वर रस्सा अळणी होता हेही सांगितलं. ते कोणी विचारलं नव्हतं.
मला वाटलं, शेखर हसत असेल. म्हणून बघितलं त्याच्या तोंडाकडे. हसत नव्हता. जमिनीकडे बघत होता.
गेटवर वाळू भेटला. मी काहीतरी कडक बोलणार होतो. तोच म्हणाला, शेठ, तुमी आता मोकले. पानी नाय दिला तरी वाघोबा काय करनार नाय. आणि एसटीकडे गेला. रागाने बोलला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

१२ एप्रिल
हार मानणार नाही. साक्षीदार फितूर झाले. फितूर म्हणजे खरं बोलले, पण कोणाच्या बाजूने बोलले हे बघावं लागतं. गरज पडली तर हायकोर्टात जाईन.
रात्री बसून हिशोब केला. मला पडलेल्या मतांतून वाडीची मतं वजा केली. उरलं ते जेमतेम आमच्या घरापुरतं. मग भावकीने सगळी बोटं दाखवली ती कसली?
सकुबाईला विचारलं. म्हणाली, शाई सगल्यांच्याच बोटाला लागते हो. झोपा.
हिशोबात कुठेतरी चूक असणार. पुन्हा केला नाही.

२५ एप्रिल
अर्ज फेटाळला. साहेबांनी लिहिलंय, ज्या कृत्याचा आरोप केला ते अर्जदारानेच केल्याचं त्याच्याच साक्षीदारांनी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, फेटाळला यातच समाधान माना. वर जायचं असेल तर दुसरा वकील बघा आणि त्याला आधी सगळं सांगा. ‘सगळं’ हा शब्द मला आता ऐकवत नाही.
गावात शिरलो तेव्हा फटाके वाजत होते. शेखरच्या घराकडे शांत होतं. आवाज आमच्या आळीतून येत होता. सुनिल म्हणाला, पोरांनी लग्नाचे उरलेले लावले, दादा.
तरी लढाई संपलेली नाही. मी वाकलो नाही, वाकणारही नाही.
पेंटर नवीन रंग घेऊन आला. त्या जागेत काय लिहू म्हणाला. मी काही बोलायच्या आत सकुबाई म्हणाली, मोबाइल नंबर टाक. टाकला. जागेत बरोबर बसला.

२९ एप्रिल
कोठीत गुंडाळून ठेवलेला पाइप उंदीर कुरतडतात, असं लक्षात आलं. त्यापेक्षा पसरून ठेवलेला बरा. त्यामुळे वाडीकडे पसरला. याला कोणी माघार समजू नये.
गडी हळदींच्या मांडवांवर, म्हणून मी एकट्यानेच ओढला. चढ एवढा आहे हे प्रचारात कळलं नव्हतं. तेव्हा पुढे ताशा होता. अर्ध्या वाटेवर वाळू आला आणि दुसरं टोक त्याने खांद्यावर घेतलं. एका जोडावर पाइप सुटत होता. जिवलीने सायकलच्या ट्यूबची पट्टी आणून आवळून बांधला. म्हणाली, मागच्या टायमाला पन तुमी इथंच चुकीचा जोडलेला, आमी बोललो नाय.
बाया हंडे, कळश्या घेऊन रांगेला लागल्या. मी टोकाशी उभा राहिलो. चार शब्द बोलावे असं वाटलं. खाली विहिरीवर सकुबाई थांबली होती. फोन करून तिला म्हटलं, बटण दाब. तिने दाबलं. मग तिचाच फोन आला. लाइट नाय.
सगळे माझ्याकडे बघत होते.
वाळूने विचारलं, शेठ, नारल आनू का?
नको म्हणालो.
धाऊने दगडावर थोडा सरकून जागा केली. लाइट येईपर्यंत घरी जावं असं मनात होतं, पण एवढ्या रिकाम्या हंड्यांसमोरून उठून चालायला लागणं बरं दिसेना. बसलो.